लाकडी पोराचं गाईड

आमच्या शाळेत मुलांचे दोन प्रकार होते. पुस्तक वाचून पास होणारी आणि गाईड वाचून पास होणारी. दोन्ही वाचून नापास होणारीही काही होती, पण त्यांनी तेव्हा घरी इतकं ऐकून घेतलं आहे की आता पुन्हा त्यांचा विषय काढणं बरं नव्हे. गाईड ही चोरून वाचायची वस्तू. मास्तर वर्गात शिरले की ते दप्तरात तळाशी जायचं, डब्याच्याही खाली. त्यामुळे आमच्या इतिहास-भूगोलाला कायम कैरीच्या लोणच्याचा वास असे. निवृत्तीनंतर माणूस अध्यात्माकडे वळतो म्हणतात. मी पुन्हा गाईडांकडे वळलो, आणि तीही एका लहान मुलांच्या गोष्टीच्या. घरात याला 'ह्यांचं संशोधन' म्हणतात. तो शब्द कुठल्या सुरात उच्चारला जातो हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

गोष्ट आहे पिनोकिओची. ती तुम्हाला ठाऊक आहे, निदान तुम्हाला तसं वाटतं. म्हाताऱ्या जेपेत्तोने लाकडाचा बाहुला केला, बाहुला खोटं बोलला, त्याचं नाक वाढलं, मग तो शहाणा झाला आणि खराखुरा मुलगा बनला. ज्या घरात हे पुस्तक कधी आलेलं नाही तिथेही 'खोटं बोललास तर नाक वाढेल हं' ही धमकी पोचलेली आहे. बागुलबुवा आणि पोलीसकाका यांच्या खालोखाल तिचा नंबर. मीही डिस्नेच्या चित्रपटाच्या भरवशावर हीच गोष्ट नातवाला सांगत होतो. नातू सात वर्षांचा, म्हणजे उलटतपासणी घेण्याच्या वयाचा. "आजोबा, तो रातकिडा राहतो कुठे? त्याला पगार कोण देतं?" १९४०च्या त्या चित्रपटात रातकिडा टोपी-छत्रीसकट पिनोकिओची सदसद्विवेकबुद्धी म्हणून नेमलेला असतो, पगाराचा उल्लेख कुठे नाही. मूळ पुस्तकात बघून सांगतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

मूळ पुस्तक आणलं आणि चौथ्या प्रकरणातच रातकिडा मेला.

म्हणजे पिनोकिओनेच त्याला मारला. हा रातकिडा त्या खोलीत शंभराहून अधिक वर्षं राहत होता (पागडीची खोली असावी). एवढ्या वर्षांत उपदेश करायला कोणीतरी सापडलं म्हणून तो मोकळेपणाने बोलला. आईबापांचं ऐकावं, शाळेत जावं, शाळा आवडत नसेल तर निदान एखादा धंदा शिकावा. पिनोकिओने लाकडी हातोडा उचलला आणि फेकला. लेखक म्हणतो, कदाचित त्याच्या मनात मारायचं नसेलही. पण नेम अचूक बसला आणि रातकिडा भिंतीला चिकटून राहिला. मला वाटलं, आता पोर रडणार.

"बरं झालं," नातू म्हणाला. "सारखा शाळेत जा, शाळेत जा करत होता."

इथे मला पहिल्यांदा गाईडाची गरज भासली.

पिनोकिओची गाईडं हा केवढा मोठा कारखाना आहे याची मला कल्पना नव्हती. २००९ साली निघालेल्या एका इंग्रजी भाषांतराला उम्बेर्तो एकोंची प्रस्तावना आहे. एवढे मोठे पंडित, पण त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पिनोकिओची गोष्ट नुसत्या 'प'ने सुरू होणाऱ्या इटालियन शब्दांत सांगायचा खेळही केला होता. पेंग्विनची २०२१ची आवृत्ती टिपांनी भरलेली. १९७७ साली जोर्जो मांगानेल्ली या इटालियन लेखकाने पिनोकिओला धरून एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचं वर्णन शीर्षकातच 'समांतर पुस्तक' असं केलं. मूळ गोष्ट पुढे चालली आहे आणि हा गृहस्थ शेजारून, दर चार पावलांवर थांबून, 'हे पाहिलंत का?' विचारत चालला आहे. तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून जोर्जो आगाम्बेन या तत्त्ववेत्त्याने २०२१ साली मूळ गोष्ट आणि मांगानेल्ली अशा दोघांना हाताशी धरून आणखी एक भाष्य लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर कोलकात्याच्या सीगल बुक्सने काढलं आहे. गोष्ट, गोष्टीवर टीका, टीकेवर टीका. याचं इतरांना नवल वाटू दे. ज्या भाषेचा मुकुटमणी मानला गेलेला ग्रंथच गीतेवरची टीका आहे, त्या भाषेच्या माणसाला यात अगदी माहेरी आल्यासारखं वाटतं.

"अहो, त्या एवढ्याशा बाहुल्यावर इतकं काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"तेच वाचतोय."

"आणि मूळ गोष्ट?"

"ती वाचीन नंतर."

"शाळेतही असंच करत होतात का?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची आवश्यकता नव्हती.

गाईडामुळे पहिल्यांदा लेखक उघडा पडतो. कार्लो कोलोदी हे टोपणनाव. खरं नाव कार्लो लोरेन्झिनी, जन्म फ्लॉरेन्सचा, १८२६चा. कोलोदी हे त्याच्या आईचं गाव. आपल्याकडे बापाच्या गावावरून आडनाव पडतं, याने आजोळचं नाव लावलं. वडील जिनोरी नावाच्या सरदार घराण्यात स्वयंपाकी होते. तरुणपणी हा इटलीच्या स्वातंत्र्यासाठी १८४८च्या आणि १८५९च्या युद्धात स्वयंसेवक म्हणून गेला. मध्ये एक टिंगलखोर वर्तमानपत्र काढलं, ते सरकारने वर्षभरात बंद पाडलं. पुढे हाच गृहस्थ सरकारच्या नाटकं तपासणाऱ्या खात्यात चिकटला, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणावर लाल पेन्सिल चालवायला. लग्न केलं नाही. मुलंबाळं नाहीत. मुलांसाठी चांगलं लिहायचं तर ती घरात नसलेली बरी, या माझ्या जुन्या समजुतीला त्यामुळे बळकटी आली.

आणि मुख्य म्हणजे हा माणूस शालेय पुस्तकं लिहून पोट भरत होता. १८७७ साली इटलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी याचं 'जान्नेत्तीनो' हे वाचनपुस्तक आलं, पुढच्या वर्षी 'मिनुत्सोलो'. व्रात्य मुलगा, त्याच्या गमती आणि गमतींच्या आडून व्याकरण-भूगोल, असा तो मामला. आता पिनोकिओतला प्रसंग बघा. शाळेत जायचं तर मुळाक्षरांचं पुस्तक हवं. जेपेत्तोकडे दमडी नाही. बाहेर बर्फ पडतंय. म्हातारा ठिगळं लावलेला आपला एकुलता एक कोट घालून बाहेर पडतो आणि परत येतो तो पुस्तक घेऊन, नुसत्या सदऱ्यावर. कोट कुठेय विचारल्यावर म्हणतो, उकडत होतं म्हणून विकला. पिनोकिओ त्याच्या गळ्यात पडतो. तुम्हीआम्ही डोळे पुसतो. आणि बर्फ थांबताच शाळेच्या वाटेवर बाहुल्यांचा खेळ लागलेला दिसतो, तिकीट चार पैसे, आणि हा पठ्ठ्या तेच पुस्तक तिथल्या तिथे एका जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला चार पैशांना फुंकून टाकतो. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने आपल्या मालाची खरी बाजारातली किंमत याहून प्रामाणिकपणे कधी लिहिली असेल असं मला वाटत नाही.

गोष्टीचा जन्मही असाच रोखीचा. जुलै १८८१मध्ये रोमला मुलांचं एक साप्ताहिक निघालं आणि पहिल्याच अंकापासून 'एका बाहुल्याची गोष्ट' क्रमशः सुरू झाली. पहिला मजकूर पाठवताना कोलोदीने संपादकीय मंडळातल्या ग्विदो बियाजींना सोबत चिठ्ठी धाडली. तिचा आशय असा, की हा पोरकट प्रकार पाठवतोय, याचं वाटेल ते करा, पण छापलात तर पैसे चांगले द्या, म्हणजे पुढचं लिहायची इच्छा होईल. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ही चिठ्ठी पाहिली असेल. त्यांना दरवर्षी येतात, फक्त इतकी सरळ नसतात.

मग ऑक्टोबरात, पंधराव्या प्रकरणात, कोलोदीने पिनोकिओला फासावर लटकवलं.

खोटं सांगत नाही, माझं नाक आहे तेवढंच आहे. दोन बुरखेधारी मारेकरी (म्हणजे कोल्हा आणि बोका ही भामट्यांची जोडी) त्याच्याजवळच्या सोन्याच्या नाण्यांसाठी त्याच्या मागे लागतात, सुऱ्या लाकडावर चालत नाहीत म्हणून त्याला मोठ्या ओकवृक्षाला टांगतात, वारा त्याला घंटेच्या लोलकासारखा हलवतो, तो बापाची आठवण काढतो, हातपाय ताणतो आणि ताठ होतो. समाप्त. लेखकाच्या बाजूने गोष्ट संपली होती. बहुधा कंटाळा, बहुधा मानधन. वाचकांनी, म्हणजे इटलीतल्या पोरांनी, ओरडा केला आणि संपादकांनी कोलोदीची मनधरणी केली. फेब्रुवारी १८८२मध्ये गोष्ट पुन्हा सुरू झाली, आता 'पिनोकिओची साहसं' या नावाने, आणि जानेवारी १८८३पर्यंत रखडत रखडत छत्तीस प्रकरणांची झाली. रखडत म्हणजे लेखक मधूनमधून गायब. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये मेलेली माणसं परत येतात तेव्हा आपण लेखकांना नावं ठेवतो. त्यांच्यामागे केवढी परंपरा आहे हे आपल्याला माहीत नसतं.

परीचंही तसंच. निळ्या केसांची परी म्हणजे झुळझुळीत झगा आणि जादूची छडी, हे आपल्या डोक्यात डिस्नेने घातलं. मूळ गोष्टीत ती पहिल्यांदा भेटते तेव्हा एक लहान मुलगी असते. पिनोकिओ दार ठोठावतो, खिडकीत मेणासारखा पांढरा चेहरा येतो आणि ओठ न हलवता सांगतो, की या घरात सगळे मेलेत, मीसुद्धा मेलेय, मला न्यायला शवपेटी यायची आहे. हे कोकणातल्या एखाद्या रात्री कंदिलाच्या उजेडात सांगायचं प्रकरण आहे. पंधराव्या प्रकरणातली ही मेलेली मुलगी सोळाव्यात एकदम हजार वर्षं जुनी परी ठरते. ससाणा धाडून पिनोकिओला फासावरून उतरवते, नोकरीला ठेवलेल्या कुत्र्याला बग्गी घेऊन पाठवते, तीन डॉक्टर बोलावते. दरम्यान काय झालं? काही नाही. संपादकांचं पत्र आलं.

त्या तीन डॉक्टरांपैकी पहिला कावळा. तो नाडी पाहून सांगतो, बाहुला मेलेला आहे, पण दुर्दैवाने मेलेला नसेल तर जिवंत असल्याचं ते लक्षण समजावं. दुसरं घुबड. ते म्हणतं, सन्माननीय सहकाऱ्याशी असहमत होताना वाईट वाटतं, बाहुला जिवंत आहे, पण दुर्दैवाने जिवंत नसेल तर मेल्याचं लक्षण समजावं. तिसरा डॉक्टर, जो आधी गप्प बसतो, तो आपला रातकिडा. हाच तो भिंतीला चिकटलेला. 'हा मेला होता ना?' हा नातवाचा प्रश्न मी मांगानेल्लींवर सोपवला.

आता नाक. ज्या अवयवावर या गोष्टीने जगभर नाव कमावलं, त्याचा संपूर्ण पुस्तकात फारसा उपयोगच नाही. जेपेत्तो लाकूड कोरत असताना ते आपोआप वाढतं, तेव्हा पिनोकिओला बोलायला तोंडही फुटलेलं नसतं. एकदा भुकेने कासावीस होऊन तो चुलीवरचं भांडं उघडायला जातो आणि भांडं भिंतीवर रंगवलेलं निघतं, तेव्हा नुसत्या निराशेने नाक चार बोटं वाढतं. खोटेपणाचा प्रख्यात प्रसंग सतराव्या प्रकरणात आहे. परीला तो तीन थापा मारतो, नाक खोलीत मावेनासं होतं, मग हजार सुतारपक्षी खिडकीतून येऊन चोचींनी तासून ते मूळ मापाला आणतात. पुढे एका म्हाताऱ्याला स्वतःबद्दल खोटं सांगताना ते पुन्हा वाढतं. नाकाचा हिशोब एवढ्यातच आटोपतो. छत्तीस प्रकरणांच्या मानाने नाक अगदीच पाहुणा कलाकार आहे. त्याला नायक केला तो नंतरच्या आईबापांनी.

मग पुस्तकात भरलंय काय? भूक. गाईडं बाजूला ठेवून मी शेवटी गोष्ट सलग वाचली तेव्हा हे पानोपानी दिसायला लागलं. जेपेत्तोच्या घरात एक मोडकी खुर्ची, एक वाईट बिछाना आणि एक खिळखिळं टेबल. चूल पेटलेली, पण भिंतीवर रंगवलेली. चुलीवर भांडं, तेही रंगवलेलं. भांड्यातून वाफ येतेय, वाफही रंगवलेली. गरिबीचं इतकं कलात्मक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पिनोकिओला कचऱ्यात एक अंडं सापडतं. ते कसं करावं, आम्लेट की उकडून, यावर तो मन लावून विचार करतो, फोडतो, तर आतून पिल्लू बाहेर येतं, कवच फोडायचे श्रम वाचवल्याबद्दल आभार मानतं आणि खिडकीतून उडून जातं. जेपेत्तो सकाळी स्वतःच्या न्याहारीची तीन नासपती त्याला देतो. पोरगं आधी ऐटीत सालं काढून मागतं, आणि शेवटी तीच सालं आणि बियांचे गाभेही खातं. आमच्याकडे भोपळ्याच्या भाजीवरून जे महाभारत चालतं त्यात मी हा प्रसंग वाचून दाखवला. नातवाने शांतपणे ऐकून घेतलं आणि नासपती मागितली.

उलट, खाणारे कोण? खानावळीचा प्रसंग काढा. 'तांबडा झिंगा' नावाची खानावळ. कोल्हा, बोका आणि पिनोकिओ जेवायला बसतात. बोक्याचं पोट बिघडलेलं असल्यामुळे तो बेताचंच खातो, म्हणजे टोमॅटोच्या रश्शातले पस्तीस मासे आणि चीज घातलेल्या वजडीच्या चार थाळ्या. कोल्ह्याला डॉक्टरांनी सक्त पथ्य सांगितलेलं, त्यामुळे तो आंबटगोड रश्शातला ससा आणि तोंडी लावायला कोवळ्या कोंबड्या, वर चव बदलायला तित्तर, बेडूक आणि सरडे एवढंच घेतो. पिनोकिओ अक्रोडाचा तुकडा आणि पावाची कड मागवतो आणि तीही ताटात टाकतो. बिल? पिनोकिओ देतो, सोन्याचं एक अख्खं नाणं. आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात असा एक बोका आणि एक कोल्हा असतोच. 'मी काही फार खात नाही हं' असं म्हणत बसणारा बोका, आणि 'हिशोब नंतर बघू' म्हणणारा कोल्हा. आता खरी कमाल ऐका. १९८६ साली इटलीत एका डाव्या दैनिकाची खाद्यपदार्थांवरची पुरवणी निघाली आणि तिला याच खानावळीचं नाव दिलं गेलं, 'गाम्बेरो रोस्सो'. आज ते इटलीतलं उपाहारगृहं आणि वाईनची प्रतवारी करणारं बडं नाव आहे. भामट्यांनी फुकट जेवलेल्या खानावळीच्या नावाने लोक आता उत्तम जेवण कुठे मिळेल ते ठरवतात.

जेपेत्तोला पोटभर खायला एकाच ठिकाणी मिळतं, राक्षसी माशाच्या पोटात. (डिस्नेने त्याचा देवमासा केला. कोलोदीचा शार्क आहे, शेपूट न धरता किलोमीटरहून लांब.) त्या शार्कने एक व्यापारी जहाज गिळलेलं असतं आणि त्यातलं डबाबंद मांस, बिस्किटं, वाईन, मनुका, चीज, कॉफी, साखर, मेणबत्त्या यांवर म्हातारा दोन वर्षं काढतो. कष्टकऱ्याच्या घरात रंगवलेलं भांडं आणि राक्षसाच्या पोटात भरलेलं कोठार. या एका जागेवर कोणत्याच भाष्यकाराने फारसं रेंगाळू नये याचं मला नवल वाटलं. सुटकेचा मार्गही भाष्यकारांना न शोभणारा आहे. शार्कला दमा असतो, तो रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, आणि बापलेक त्याच्या जिभेवरून चालत बाहेर येतात.

सर्वांत मोठ्याने हसू येतं ते एकोणिसाव्या प्रकरणात. कोल्ह्या-बोक्याने नाणी जमिनीत पेरायला लावून ती लांबवलेली. पिनोकिओ न्यायाधीशाकडे जातो. न्यायाधीश म्हणजे एक वयस्क गोरिला. सोनेरी चष्मा आहे, पण काचा नसलेला. तो सगळी कहाणी अत्यंत सहानुभूतीने ऐकतो, हेलावतो, घंटा वाजवतो. शिपायांच्या वेशातले दोन थोराड कुत्रे येतात. न्यायाधीश त्यांना सांगतो, या बिचाऱ्याची चार सोन्याची नाणी चोरीला गेली आहेत, सबब याला पकडा आणि ताबडतोब तुरुंगात टाका. चार महिने तो आत. पुढे सम्राट लढाई जिंकतो, कैद्यांना माफी मिळते, पण पिनोकिओला जेलर सोडत नाही, कारण माफी फक्त गुन्हेगारांना आहे. तेव्हा पिनोकिओ म्हणतो, मीपण गुन्हेगार आहे. असं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणत जेलर अदबीने टोपी काढतो आणि दार उघडतो.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांचं उभं आयुष्य कोर्टात गेलं, कारकून म्हणून. मी हे प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग यात विनोद कुठे आहे?"

असंच शेतकऱ्याच्या कुत्र्याचं. द्राक्षं चोरताना सापडलेल्या पिनोकिओला शेतकरी मेलेल्या राखणदार कुत्र्याच्या जागी पट्टा घालून बांधतो. रात्री कोंबड्या पळवणाऱ्या प्राण्यांची चौकडी येते आणि जुना व्यवहार समजावून सांगते, की आठ कोंबड्या न्यायच्या, त्यातली एक, साफ करून, राखणदाराला, आणि त्याने भुंकायचं नाही. पिनोकिओ भुंकतो, चोर पकडले जातात, पण आधीचा कुत्रा सामील होता हे तो मालकाला सांगत नाही. मेलेल्याविषयी वाईट का बोला. आणि परीच्या घरची गोगलगाय? मध्यरात्री दार ठोठावलं तर चौथ्या मजल्यावरून खाली यायला तिला नऊ तास लागतात. इथे सरकारी कार्यालयाचा विनोद मी करत नाही. तो तुम्ही केलेलाच असेल.

टिपांचा खरा उपयोग मात्र एका ठिकाणी फारच झाला. आळशी मुलांच्या खेळनगरीत आठवडा सहा गुरुवारांचा आणि एका रविवारचा असतो. नातू म्हणाला, गुरुवारच का? उपास असतो? टीप सांगते, त्या काळी इटलीतल्या शाळांना गुरुवारी सुट्टी असे. एवढं कळल्यावर त्याने त्या नगरीचा पत्ता विचारला. तिथे पाच महिने मजा केल्यावर मुलांची गाढवं होतात हे त्याने आधी ऐकून घेतलं होतं. ती जोखीम पत्करायला तो तयार होता.

गाईडांच्या पंगतीत एक रशियन पाहुणाही आहे. आमच्या पिढीने सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात जाड कागदाची, सुरेख चित्रांची पुस्तकं कवडीमोलाने घेतली, त्या दुनियेतला हा 'बुरातीनो'. लेखक टॉल्स्टॉय, पण ते दाढीवाले नव्हेत, हे अलेक्सेई. १९३६च्या 'सोन्याची किल्ली'मध्ये त्यांनी पिनोकिओ पार बदलला. त्याचं नाक कायमचंच लांब, तो खरा मुलगा वगैरे होत नाही, बापाचं नाव मात्र कार्लो. आणि ती भिंतीवरची रंगवलेली चूल! कोलोदीने ती रंगवून सोडून दिली. टॉल्स्टॉयने विचारलं, त्या चित्रामागे काय आहे? मागे एक दार निघतं, दाराला सोन्याची किल्ली आणि आत बाहुल्यांचं स्वतःचं थिएटर. एखाद्या गोष्टीवरचं सर्वोत्तम भाष्य दुसरी गोष्ट असते ती अशी. प्रस्तावनेत हे टॉल्स्टॉय सांगतात, की लहानपणी ते पुस्तक वाचलं होतं, मग हरवलं, म्हणून सवंगड्यांना आठवेल तसं, दर वेळी निराळं सांगायचो. फार गोड आठवण आहे. अडचण एवढीच, की हे लहान असताना रशियन भाषेत पिनोकिओ आलेलाच नव्हता, आणि १९२४ साली बर्लिनमध्ये निघालेल्या रशियन भाषांतरावर यांनीच हात फिरवला होता. खोटं बोललं की नाक वाढतं, या गोष्टीच्या प्रस्तावनेत असं खोटं बोलायला छाती लागते.

कोलोदीने यातलं काहीच पाहिलं नाही. १८९०च्या ऑक्टोबरात तो फ्लॉरेन्समध्ये आपल्या घराच्या दाराशीच कोसळला. पहिलं इंग्रजी भाषांतर १८९२चं. त्याच्या आजोळच्या गावात १९५६पासून पिनोकिओचं उद्यान आहे.

शेवट तुम्हाला माहीत आहेच, पिनोकिओ मुलगा होतो. पण मूळ पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. नवा मुलगा, तपकिरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, नव्या कपड्यांत, बापाला विचारतो, जुना लाकडी पिनोकिओ कुठेय? खुर्चीला टेकवून ठेवलेला असतो, मान एका बाजूला, हात लोंबकळते. मुलगा त्याच्याकडे बघून म्हणतो, तेव्हा मी किती हास्यास्पद होतो, आता शहाणा मुलगा झालो ते किती बरं. या जागी मोठ्या माणसांना समाधान वाटावं अशी लेखकाची अपेक्षा असावी. नातवाला ते अजिबात पटलं नाही. "तो मुलगा राहू दे," तो म्हणाला, "त्या लाकडाच्याचं पुढे काय झालं?" माझ्या जवळच्या एकाही गाईडात याचं नीट उत्तर नाही.

तेव्हा घरात पाच-सात वर्षांचं पोर असेल तर चित्रपटाच्या भरवशावर राहू नका, मूळ पुस्तक आणा. प्रकरणं छत्तीस आहेत, छोटी आहेत, रोज झोपताना एक पुरतं. जेवणं आधी उरकून घ्या, कारण पुस्तकात सतत कोणीतरी उपाशी असतं. पंधराव्या रात्री मात्र सोळावं प्रकरणही लगेच वाचून टाका. पोराला फासावर लटकत ठेवून दिवा मालवलात, तर घरातलं कोणीच झोपणार नाही.